मशीनं जास्त, कपडे कमी

जुनी मशीनं आणून दुरुस्त करून वापरायचा मला नाद आहे. जुनं वॉशिंग मशीन कोणाच्या घरून उचलायचं असेल तर सगळ्यात आधी त्यातलं पाणी काढायचं. मालक छातीठोकपणे सांगतात की अहो कित्येक वर्षं बंद आहे, ठणठणीत कोरडं आहे, पण पंपात, फिल्टरच्या मागे आणि ड्रेन पाईपच्या खालच्या वळणात तांब्याभर पाणी असतंच असतं, ते काळं पडलेलं असतं, त्याला वास असतो आणि गाडीत मशीन कलतं केलं की ते बरोबर सीटवर येतं. म्हणून मी जाताना एक पसरट ट्रे, जुने टॉवेल आणि पक्कड घेऊनच जाते. आधी ड्रेन पाईप खाली जमिनीवर टेकवायचा, मग फिल्टर उघडायचा, आणि पाणी निथळतंय तोवर मालकांशी गप्पा मारायच्या, कारण मशीनचा खरा इतिहास त्या गप्पांमधेच कळतो.

फ्रंट लोड असेल तर उचलायला माणसं लागतात. आतल्या टबाला वर आणि पुढे सिमेंटचे ठोकळे बोल्टने आवळलेले असतात, सगळं मिळून वजन साठ-सत्तर किलोच्या घरात जातं. हे ठोकळे कशासाठी ते कळायला थोडं मागे जावं लागतं. बेंडिक्स कंपनीचं घरगुती ऑटोमॅटिक फ्रंट लोड १९३७ साली बाजारात आलं तेव्हा त्याला आजच्यासारखं स्प्रिंगवर टांगलेलं टब नव्हतं, त्यामुळे ते चक्क जमिनीत बोल्ट ठोकून बसवावं लागायचं, नाहीतर स्पिनला घरभर चालत सुटलं असतं. पुढे टब स्प्रिंगवर लटकलं, खाली शॉक अब्जॉर्बर आले, वजनाला ठोकळे आले आणि मशीन मोकळं उभं राहायला लागलं. पण तेच लटकणारं टब गाडीत नेताना मागेपुढे आपटतं. त्यासाठी मागून ट्रान्झिट बोल्ट लावायचे असतात आणि ते बोल्ट कोणीच, म्हणजे खरंच कोणीच, जपून ठेवलेले नसतात. मग वरचं झाकण काढून टब आणि बॉडीच्या मधे फोमचे तुकडे गच्च कोंबायचे. काम भागतं.

न्यायचं की नाही हे मात्र तिथेच उभ्या उभ्या ठरवावं लागतं, आणि त्यासाठी प्लग लावायची अजिबात गरज नसते (लावूही नये, ते पुढे सांगते). दार उघडून ड्रमची (कपडे फिरतात ते भोकांचं पिंप, टब त्याच्या बाहेरचं) वरची कड धरायची आणि वरखाली हलवून बघायचं. ड्रम आणि टब मिळून एकत्र हलले तर ठीक, ते स्प्रिंगवरच असतात, पण ड्रम टबाच्या आत वेगळा लुडकायला लागला तर बेअरिंग गेलंय. मग ड्रम हाताने गरकन फिरवून कान लावायचा, घरघर आली तर तेच. मागचं पत्र्याचं झाकण निघत असेल तर पुलीच्या मागे तपकिरी ओघळ आहेत का बघायचे, ते असतील तर सीलमधून (शाफ्टभोवती पाणी अडवणारी रबरी रिंग) पाणी बेअरिंगमधे कधीचं जातंय. टायमरची नॉब फिरवून बघायची, प्रत्येक टप्प्याला टकटक लागली पाहिजे. तळाचा पत्रा गंजून मऊ झालाय का ते बोटाने दाबून बघायचं.

एका काकूंकडे असंच गेले होते. त्या म्हणाल्या, "अगं चालू आहे ती, नुसती पाणी ओढत नाही, मेकॅनिक म्हणाला मोटर गेली." मी म्हटलं काकू मोटर गेली असती तर पाणी भरलं असतं आणि ड्रम फिरला नसता, पाणीच येत नाही म्हणजे बिघाड वेगळीकडे आहे. काकू हसल्या, म्हणाल्या "मग घेऊन जा बाई, तुला कळतंय तर तूच सांभाळ." त्या मशीनच्या इनलेट व्हॉल्व्हची, म्हणजे पाणी आत सोडणाऱ्या झडपेची जाळी गंजाने आणि वाळूने बुजली होती, बाकी काही नाही. जाळी पक्कडीने ओढून काढली, ब्रशने घासली, परत बसवली. नवीन व्हॉल्व्हसुद्धा लागला नाही. पाणी न भरण्याचं अजून एक कारण मशीनच्या बाहेर असतं: हे व्हॉल्व्ह उघडायला नळाच्या पाण्याचाच दाब वापरतात, आतला पडदा दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर उचलला जातो. वरच्या टाकीतून पाणी येत असेल तर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, टाकी डोक्यावर दोन-अडीच मीटरवर असेल तर काही व्हॉल्व्ह नीट उघडतच नाहीत आणि बिचाऱ्या मशीनवर ठपका येतो.

सुरुवात कशी झाली वगैरे मोठी गोष्ट नाहीये. आईचा ट्विन टब (धुवायचा एक टब, पिळायचा शेजारी दुसरा) टाकून द्यायला जीव होईना, तो दुरुस्त झाला, मग ओळखीतलं कोणीतरी म्हणालं आमच्याकडेही एक पडलंय, आणि असं करत करत मागची खोली भरली. आता त्यात ट्विन टब आहेत, मेकॅनिकल टायमरची फ्रंट लोड आहेत, एक वर हाताने फिरवायचे रोलर असलेलं आहे (कपडे त्या रोलरमधून पिळून काढायचे), आणि नंतर आले ते छोटे डिशवॉशर. रोलरवालं बघून लोकांना वाटतं हे आजोबांच्या काळातलं असणार, पण मेटॅग कंपनीने अमेरिकेत रोलरवाली मशीनं १९८३ पर्यंत बनवली होती, म्हणजे ऑटोमॅटिक येऊन पंचेचाळीसेक वर्षं झाल्यावरही ती कोणीतरी विकत घेत होतंच. मला त्यात नवल वाटत नाही. रोलरवाल्यात बिघडण्यासारखं आहेच काय.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस मशीन नुसतं उघडं ठेवायचं. प्लग नाही. हा मुद्दा मी जरा ताणून सांगते कारण बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि एमसीबी किंवा आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला की म्हणतात शॉर्ट आहे, भंगार आहे. पाणी गरम करणारा हीटर असतो ना, त्याच्या धातूच्या नळीत मधोमध तार आणि तिच्या भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड विजेला अडवते, उष्णता जाऊ देते. पण तिला दमटपणाचं भारी वेड, मशीन वर्षभर बंद पडलं की हीटरच्या टोकाकडून हवेतली ओल आत शिरते आणि थोडी वीज बॉडीकडे गळायला लागते. आरसीडी ३० मिलिअँपियरला पडतो, तेवढी गळती व्हायला फारसं काही लागत नाही. साध्या मल्टिमीटरला हे दिसत नाही, तो २३० व्होल्टच्या दोन किलोवॉट हीटरला २६ ओहमच्या आसपास दाखवतो आणि तुम्हाला वाटतं सगळं छान. मेगर पाहिजे, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून गळती मोजणारा मीटर, ५०० व्होल्टवर हीटरचं टोक आणि बॉडी यांच्यामधे मोजायचं, एक मेगओहमच्या खाली असेल तर चालवायचं नाही. मग तो हीटर काढून घ्यायचा, बाहेरून पुसायचा, टोकाचे रबर काढायचे आणि ओव्हनमधे मंद आचेवर दोन-तीन तास वाळवायचा. परत मोजलं की आकडा वर चढलेला असतो. काही हीटर नाही सुधारत, नळीला बारीक चीर असते, ते फेकायचे. पण बरेच सुधारतात. जे मशीन रोज चालतं त्याचा हीटर रोज तापतो, त्यामुळे ओल आत मुरायला वेळच मिळत नाही, हे इथे लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

कपॅसिटरचंही (मोटरला लागणारी वीज साठवणारा छोटा डबा) तसंच, घाई नको. मशीन बंद असलं तरी त्यात चार्ज असू शकतो, आधी रेझिस्टर लावून डिस्चार्ज करायचा. आणि सत्तरच्या दशकातलं किंवा त्याआधीचं मशीन असेल तर तेल भरलेल्या कपॅसिटरमधे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल हे विषारी रसायन असू शकतं, अमेरिकेत ते बनवायला १९७९ मधे बंदी आली. त्यातून तेल गळत असेल तर हाताने पुसत बसायचं नाही, हातमोजे घालायचे, पिशवीत बंद करायचं आणि घातक कचऱ्यात द्यायचं. फार जुन्या मशीनच्या ब्रेकच्या अस्तरात किंवा उष्णता अडवणाऱ्या पट्टीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तिथली धूळ फुंकरीने उडवायची नाही. जुनं म्हणजे प्रेमळ असतं असं काही नाही.

माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे प्रेशर स्विच. टबाच्या तळाशी एक छोटी हवेची कुपी असते, तिथून बोटाएवढी पण नाही अशी बारीक रबरी नळी वर स्विचपर्यंत जाते. टबात पाणी चढतं तशी कुपीतली हवा दाबली जाते, दाब नळीतून वर जातो, स्विचमधला पडदा उचलतो आणि टक होतं, झालं, व्हॉल्व्ह बंद. एवढंच. सेन्सर नाही, चिप नाही. ही नळी स्विचकडून काढायची आणि तोंडाने स्विचमधे हळूच फुंकायचं, टक ऐकू येतो, फुंकणं थांबवलं की परत टक. दोन पातळ्यांचा असेल तर जरा जोरात फुंकलं की दुसरा टक. आवाज आला म्हणजे स्विच ठीक, आता नळी बघा, तिला चीर असेल तर हवा निसटते, मशीनला वाटतं अजून पाणी भरलंच नाही आणि ते भरतच राहतं, भरतच राहतं, बाथरूममधून हॉलमधे. कुपी साबणाच्या गाळाने बुजली असेल तरी तेच. पाण्याने भरून वाहणाऱ्या कितीतरी मशीनांचा रोग ह्या एका नळीत असतो आणि बिल मात्र टायमर बदलल्याचं येतं, हे मी बघितलेलं आहे.

आता बेअरिंग. हे काम कोणाला सांगितलं की समोरचा गप्प होतो, पण जुन्या मशीनमधे ते होतं तरी. जुन्या टबाचे दोन भाग असतात, क्लिपांनी किंवा बोल्टने जोडलेले, मधे रबरी रिंग. आजकाल बऱ्याच नवीन मशीनांचा प्लॅस्टिक टब कारखान्यातच कायमचा चिकटवून येतो, एवढंसं सील गेलं तरी अख्खं टब-ड्रम बदला. ह्याच्यावर मला राग येतो तो येतोच. असो. मागून बेल्ट काढला, पुलीचा बोल्ट सोडवला, ठोकळे काढले, स्प्रिंगा सोडल्या, टब बाहेर. मग टब उघडून ड्रम शाफ्टसकट वेगळा करायचा, त्यासाठी पुलीचा बोल्ट परत शाफ्टमधे अर्धवट लावायचा म्हणजे आटे खराब होत नाहीत आणि वर लाकूड ठेवून ठोकायचं. थेट हातोडी शाफ्टवर मारली की संपलं.

ड्रम बाहेर आला की लगेच नवीन बेअरिंग घालायला धावायचं नाही. मागचा तीन हातांचा तुकडा बघायचा, त्याला स्पायडर म्हणतात, तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि साबणाचं अल्कलीचं पाणी त्याला वर्षानुवर्षं खात असतं. पांढरी पूड, खड्डे, आणि स्क्रू ड्रायव्हरने टोकरल्यावर तुकडा निघाला तर तो स्पायडर एखाद्या दिवशी स्पिनमधे तुटणार, तेव्हा काय होतं ते बघायची इच्छा नाही. नंतर शाफ्टवर जिथे सील घासतं ती पितळी बाही बघायची, नखाला खाच लागली तर नवीन सीलही गळणार.

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०५, ६२०६ असले. हे आकडे जगभर सारखेच, ६२०५ म्हणजे आतलं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. ६२०६ ला ३०, ६२, १६. म्हणजे मशीनची कंपनी कधीचीच बंद झालेली असली, तिचं नावही कोणाला आठवत नसलं, तरी तिचं बेअरिंग आजही मिळतं. कोण्या कंपनीचं पार्ट नंबरचं पाकीट शोधत बसायचं नाही, कोरलेला नंबर वाचायचा. जुन्या मशीनचा नाद परवडतो तो ह्यामुळेच. बेल्टचंही तसंच, लांबी आणि खाचा मोजायच्या.

जुनं बेअरिंग काढताना समोरच्या बाजूने पंच लावून थोडं इकडे थोडं तिकडे असं गोल गोल ठोकत जायचं, एकाच बाजूला ठोकलं की तिरकं होऊन अडकतं. नवीन बेअरिंग आदल्या रात्री फ्रीजरमधे, टबातलं बेअरिंगचं घर हॉट एअर गनने गरम, मग ते जवळजवळ आपोआप उतरतं. उरलेलं ठोकायचं ते फक्त बाहेरच्या रिंगवर, जुन्या बेअरिंगचीच बाहेरची रिंग मधे ठेवून. आणि ठोकताना कान द्यायचा, आधी आवाज भद्द भद्द येतो, बेअरिंग तळाला टेकलं की एकदम टणत्कार येतो, घंटेसारखा. तो आला की थांबायचं. सीलच्या ओठाला ग्रीस, सगळं उलट्या क्रमाने बंद, आणि ड्रम हाताने फिरवला की तो फिरतो, काही आवाज न करता फिरतो, नवरा म्हणतो ह्याच्यासाठी तू दोन रविवार घालवलेस, मी म्हणते हो.

ट्विन टबला हे काही लागत नाही, तो साधा जीव. पण तो वापरायला शिकावा लागतो, कारण तो तुम्हाला सोडून काहीच करत नाही. आधी पांढरे, मग फिके रंग, मग गडद, शेवटी पायपुसणी आणि फडकी, सगळे एकाच साबणाच्या पाण्यात. ऑटोमॅटिकवाल्यांना हे ऐकून कसंतरी होतं, पण प्रत्येक घाण्याला नवीन पाणी, नवीन साबण, नवीन गरम करणं ह्याच्यापेक्षा एकाच पाण्यात चार घाणे काढले तर हिशोब बघा. जुनं मोठं टॉप लोड ऑटोमॅटिक एका घाण्याला शंभर-दीडशे लिटर पाणी ओतायचं, आजचं फ्रंट लोड पन्नासच्या आसपास. म्हणजे जुनं सगळंच उधळं नसतं आणि जुनं सगळंच काटकसरीही नसतं. माझं जुनं टॉप लोड मी म्हणूनच फक्त चादरी-पडद्यांना चालवते.

ट्विन टबच्या ड्रायरमधून कपडे इतके कोरडे कसे निघतात असं विचारतात. गणित सोपं आहे. छोटी बास्केट, म्हणजे समजा बारा सेंटीमीटर त्रिज्या, मिनिटाला १४०० फेरे, तर कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटींहून जास्त जोर. तेवढाच जोर तेवीस सेंटीमीटर त्रिज्येच्या फ्रंट लोड ड्रमला मिळवायचा तर १००० फेरे लागतात. जुन्या दोन स्पीडच्या इंडक्शन मोटरवाल्या फ्रंट लोडला ४०० फेरेच असायचे कधीकधी, म्हणजे जेमतेम चाळीसपट, कपडे ओलेकिच्च. मग माझा उपाय म्हणजे धुवायचं फ्रंट लोडमधे आणि पिळायचं ट्विन टबच्या ड्रायरमधे. झाकण उघडलं की ब्रेक लागतो का हे मात्र आधी तपासायचं, ब्रेकची तार तुटलेला ड्रायर हात पिरगाळतो, तिथे तडजोड नाही.

परदेशातून कोणी ११० व्होल्टचं, ६० हर्ट्झचं मशीन आणलंय, घेतेस का, असंही विचारतात. मी नाही म्हणते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. टायमरची छोटी मोटर ५० हर्ट्झवर सावकाश फिरते, दहा मिनिटांचा टप्पा बारा मिनिटांचा होतो, तेवढं एक वेळ चालेल, पण मोठी मोटरही सावकाश फिरते आणि वर तापते. शोभेला ठेवायचं तर ठेवा.

आता डिशवॉशर. मला ह्यात रस नव्हता, एका घरून मशीन आणायला गेले तर त्यांनी हेही न्या म्हणून गळ्यात मारला. टेबलावर ठेवायचा, पंचावन्न सेंटीमीटर रुंद, सहा माणसांच्या ताटवाट्यांचा. वीस-बावीस किलो, एकटीने उचलला. उघडला तर आत पंप गच्च बसलेला. हा रोग बंद पडलेल्या बऱ्याच डिशवॉशरना असतो. पंपाच्या शाफ्टवर कार्बनची आणि सिरॅमिकची अशा दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासतात, त्यांच्यामधल्या पाण्याच्या पातळ थराने सील होतं. पाणी वाळलं की क्षार साठतात आणि त्या चिकटून बसतात. प्लग लावला असता तर मोटर नुसती हुं करून तापली असती. तळात कोमट पाणी आणि सायट्रिक अ‍ॅसिड घालून रात्रभर ठेवलं, सकाळी खालून मोटरचा पंखा बोटाने हळूच फिरवला, थोडं कुरकुरलं आणि सुटला.

स्प्रे आर्म, म्हणजे भोकं पाडलेला तो फिरता हात, त्याला मोटर नसते बरं का, भोकं तिरकी असतात आणि पाण्याच्या धारेच्या उलट्या धक्क्यानेच तो फिरतो. दोन भोकं बुजली तरी फिरणं मंदावतं. तारेने भोकं मोकळी करायची. फिरतोय की नाही हे बंद दारातून कसं कळणार, तर हात एका ठराविक दिशेला ठेवून दार लावायचं, पाच मिनिटांनी मशीन थांबवून उघडायचं आणि बघायचं. परत एकदा बघायचं, कारण योगायोगाने तिथेच थांबलेला असू शकतो.

माझ्याकडचे जुने डिशवॉशर पहिल्या-पहिल्यांदा भांड्यांवर पांढरट थर सोडायचे, पंप, हीटर, सगळं व्यवस्थित असूनसुद्धा. कारण साबणात होतं. हे डिझाइन झाले तेव्हा डिशवॉशरच्या पावडरमधे भरपूर फॉस्फेट असायचं, ते पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवायचं. पुढे नद्या-तळ्यांत शेवाळ माजतं म्हणून त्यावर बंधनं आली, अमेरिकेतल्या अनेक राज्यांत २०१० मधे, युरोपियन युनियनमधे कपड्यांच्या साबणाला २०१३ आणि डिशवॉशरच्या साबणाला २०१७ पासून. बंधनं योग्यच आहेत. पण त्याऐवजी आता एन्झाइम असतात आणि त्यांना चाळीस-पन्नास अंशांत वेळ लागतो, जुनं मशीन मात्र तडक गरम करून झटपट मोकळं होतं. म्हणून मी पावडर घातल्यावर पाणी थोडं तापलं की टायमर थांबवते, पंधरा-वीस मिनिटं तसंच भिजू देते आणि मग पुढे नेते. मेकॅनिकल टायमरचा हा फायदा, तुम्ही त्याच्याशी वाद घालू शकता. भांडी घासायचा द्रव साबण मात्र एक थेंबही नाही, फेसाने पंपात हवा जाते आणि दाराखालून फेस बाहेर येतो.

डिशवॉशरचा इतिहास फार जुना वाटत नाही पण आहे. जोसेफिन कॉक्रेन ह्या बाईंनी १८८६ मधे अमेरिकेत डिशवॉशरचं पेटंट घेतलं, भांडी तारेच्या कप्प्यांत बसवायची आणि त्यांच्यावर पाण्याचा मारा करायचा, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो मांडला. युरोपातला पहिला विजेवरचा डिशवॉशर मीले ह्या जर्मन कंपनीने १९२९ मधे काढला. भांडं जागेवर, पाणी हलतं, ही बाईंची कल्पना आजही तीच आहे.

आता मूळ अडचण. मशीन नुसतं ठेवलं की सडतं. सील वाळतं, हीटर ओल धरतो, पंप चिकटतो, बेल्ट एकाच जागी वाकून राहतो, रबरी दाराची घडी काळी पडते. चालवलं की यातलं जवळपास काहीच होत नाही. म्हणजे ठेवायचं तर चालवायला पाहिजे, आणि चालवायचं तर मळके कपडे पाहिजेत! आमच्या घरात माणसं मोजकी, कपडे मोजके. मग पाळ्या लावल्या, ह्या आठवड्यात ट्विन टब, पुढच्या आठवड्यात फ्रंट लोड, मधेच रोलरवालं. सासूबाईंनी एकदा विचारलं, "माझी साडी आज कुठल्या मशीनला दिलीस?" शेजारच्या वहिनींच्या चादरी मी मागून आणते, त्यांना वाटतं मी उपकार करतेय, खरं उलटं आहे. डिशवॉशरसाठी तर पाहुणे आले की मला आनंद होतो आणि त्याचं कारण पाहुण्यांना सांगता येत नाही.

त्यामुळे आता नियम असा झालाय की महिन्यातून एकदाही ज्याची पाळी येणार नाही ते मशीन घरात ठेवायचं नाही. दुरुस्त करायचं आणि वापरेल अशा माणसाला द्यायचं. पहिला तो छोटा डिशवॉशर एका मैत्रिणीकडे गेला, ती एकटी राहते, तिला तो पुरतो. गेल्या आठवड्यात तिचा फोन, अगं ह्यात मिठाची टाकी आहे ती रिकामी दिसतेय, घरातलं मीठ टाकू का. म्हटलं नको, बारीक मिठात गुठळी होऊ नये म्हणून काहीबाही घातलेलं असतं, त्याने ती बुजते, डिशवॉशरचं जाड मीठ आण. आत रेझिनचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून सोडियम सोडतात, आणि भरून गेले की मिठाचं पाणी त्यांना परत मोकळं करतं. अगदी पहिल्यांदा भरताना टाकीत आधी पाणी आणि मग मीठ, नंतर फक्त मीठ. पाणी बाहेर सांडणारच, घाबरू नकोस. झाकण घट्ट लाव आणि लगेच एक सायकल चालव, कारण तळात सांडलेलं खारं पाणी रात्रभर राहिलं तर स्टीलला ठिपके पडतात. ती म्हणाली भांडी नाहीयेत आत्ता. मी म्हटलं रिकामाच चालव.